बे सक बारा

त्या गुरुवारी जाऊबाईंनी बेचा पाढा संपवून तीनचा सुरू केला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी पुढे काउंटरवर बिस्किटांच्या बरण्या पुसत होते आणि मनात म्हटलं, वा, आज स्वारी खुशीत दिसतेय.

आमच्या बेकरीत पाढ्याचं काय काम, ते आधी सांगते. मागे भट्टी, पुढे काउंटर आणि मध्ये एक लाकडी पार्टिशन. भट्टी विटांची, घुमटाची, मामंजींनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी स्वतः बांधलेली. सकाळी तिच्यात लाकडं पेटवायची, ती जळली की निखारे ओढून काढायचे, तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि मग उघडा हात मनगटाच्या जरा वरपर्यंत आत घालून बेचा पाढा म्हणायचा. बे सक बाराला हात सहन होईना, बाहेर काढावा लागला, की भट्टी पावाला तयार. बे दाहे वीसपर्यंत हात टिकला, की बिस्किटांना तयार. त्याच्या आधी हात भाजला तर थांबायचं, त्याच्या पुढे गेला तर पुन्हा लाकडं घालायची. मामंजींनी हे थोरल्या दिरांना शिकवलं, दिरांनी जाऊबाईंना. दीर गेले त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून भट्टी म्हणजे जाऊबाई आणि जाऊबाई म्हणजे भट्टी.

आणि मी? मी धाकटी. बावीस वर्षं या घरात आहे, पण भट्टीला हात लावायची मला मुभा नव्हती. "तुझे हात लोण्याचे, धाकटे," जाऊबाई म्हणायच्या, "तू आपली गिऱ्हाइकांशी गोड बोल. ते तुला जमतं." यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पार्टिशनमधून पाढा काउंटरवर ऐकू यायचा. "बे पंचे दहा, बे सक बारा" आणि मग गप्प. की मी गिऱ्हाइकांना सांगायची, अर्ध्या तासात या. शेजारचे रिटायर्ड मास्तर तर पाढ्यावरच घराबाहेर पडायचे. त्या गुरुवारी पाढा बारावर थांबला नाही. वीसला पोचला, तिथेही थांबला नाही. तीन एके तीन, तीन दुणे सहा, तीन त्रिक नऊ.

"आज बाई पुढच्या इयत्तेत गेल्या वाटतं," मास्तर म्हणाले. आम्ही दोघं हसलो.

जाऊबाई मात्र आत चिडल्या होत्या. "भट्टी धरतच नाहीये. थंडगार आहे!" असं म्हणत त्यांनी आणखी लाकडं कोंबली. तासाभराने पाव बाहेर आले ते वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. शुक्रवारी तेच. सत्तर पाव गेले. मास्तर रिकाम्या पिशवीने परत गेले आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच जाळले.

शुक्रवारी दुपारी जाऊबाईंनी गवंड्याला बोलावलं. गवंडी मोठा अनुभवी माणूस. भट्टी थंड झाल्यावर त्याने घुमटावर ठकठक केलं, कान लावला, डोळे मिटले आणि एका कोपऱ्यात केसाएवढी भेग दाखवली. "इथून सगळी ऊब पळतेय," तो म्हणाला. "घुमट पाडावा लागेल. सोमवारी येतो."

मामंजींची भट्टी पाडायची! आमचे हे, म्हणजे माझा नवरा, जो गावभर पाव पोचवतो आणि घरात कधी तोंड उघडत नाही, तोसुद्धा म्हणाला, "वहिनी, जरा थांबू या का?" जाऊबाई म्हणाल्या, "थांबून काय पाव आपोआप भाजणार आहेत?" विषय संपला.

शनिवारी सकाळी मी ठरवलं की भट्टी पाडायच्या आधी तिला एकदा तरी हात लावून बघायचा. बावीस वर्षं मनात राहिलेलं होतं. जाऊबाईंनी लाकडं जाळली, निखारे ओढले आणि फडकं धुवायला नळावर गेल्या. मी पटकन बाही वर केली आणि हात आत घातला.

बे एके बे. बे दुणे चार. बे त्रि... आई गं!

मी हात झटकत मागे आले. मनगटावरची लव करपल्याचा वास येत होता. तेवढ्यात जाऊबाई आल्या. मी चोरासारखी उभी. त्या रागावल्या नाहीत, उलट हसल्या. "बघितलंस? सांगत होते ना, लोण्याचे हात!" आणि स्वतःचा हात खुशाल आत घालून म्हणाल्या, "काही नाहीये गं. कोमट. बे एके बे, बे दुणे चार..."

त्या आरामात बारापर्यंत गेल्या, पुढे वीसकडे निघाल्या. चेहऱ्यावर काही नाही. आणि मी त्यांचा हात बघत होते. कातडी लाल होत चालली होती. मनगटाच्या मागच्या बाजूला एक फोड आलेला होता, चांगला सुपारीएवढा, आणि तो आजचा नव्हता.

"जाऊबाई, हात काढा."

"अगं पण अजून..."

"काढा आधी!" मी त्यांच्यावर ओरडले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी दचकून हात काढला.

"हा फोड कधी आला?"

त्यांनी फोडाकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "दुखला नाही कधी."

मला भीती वाटली. खरंच वाटली. आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. गेल्या महिन्यात त्या एका पायात चप्पल नसताना काउंटरपर्यंत आल्या होत्या आणि मी सांगेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. आम्ही पोट धरून हसलो होतो. बिस्किट खाताना दर घासाला पाण्याचा घोट. डोळ्यांत सतत पीठ गेल्यासारखं, म्हणून चोळत बसायच्या. सकाळी बोटं आखडलेली, कणीक मळून मळून झालं असेल म्हणायच्या. रोज संध्याकाळी पायांची आग होते म्हणून गार फरशीवर पाय टेकून बसणं. आमच्या बेकरीत सगळ्याला एकच कारण होतं, पीठ आणि वय.

"भट्टी ठीक आहे," मी म्हटलं. "तुमचा हात बिघडलाय."

"काहीतरीच! तीस वर्षांचा हात आहे हा." पण त्या मनगट निरखत होत्या.

डॉक्टरकडे न्यायला मला आणखी दोन दिवस लागले. "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?" हे त्यांचं पालुपद. शेवटी मी गवंड्याला येऊ नको असं परस्पर कळवून टाकलं आणि सोमवारी त्यांना रिक्षात बसवलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून सांधेदुखीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. "सांध्यांचं काय मधेच? हाताला चटका कळत नाहीये," मी म्हटलं. ते म्हणाले, "कोरडे डोळे, कोरडं तोंड, आखडलेली बोटं आणि हे. चारही धागे एकाच गाठीत असावेत, आणि ती गाठ सोडवणारे तेच."

सांध्यांची डॉक्टर तिशीची मुलगी निघाली. केसांचा घट्ट अंबाडा, उजव्या हातात एक चांदीचं कडं. तिने आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. मग टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, मूठ आवळायला लावली. छोट्या हातोडीने गुडघे ठोकले. थरथर कळते का बघायला एक थरथरणारा काटा पायाच्या अंगठ्यावर टेकवला. हे सगळं जाऊबाईंना जमलं आणि त्या माझ्याकडे विजयी मुद्रेने बघू लागल्या. मग टाचणी आली. पावलांवर ती टोचतेय की नुसती टेकतेय, हे त्यांना सांगता येईना.

"आता डोळे मिटा, मावशी," डॉक्टर म्हणाली. तिने दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. "हाताला लावते. गरम की गार, सांगा."

"गरम," जाऊबाई म्हणाल्या. बरोबर. "गार." बरोबर. "गार. गरम. गरम." सगळी बरोबर! मी चाट पडले. डॉक्टरही भुवया उंचावून बघायला लागली. मग माझ्या लक्षात आलं. गरम नळी ती उजव्या हाताने उचलायची आणि दर वेळी ते चांदीचं कडं टेबलाला लागून टिक वाजायचं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "कडं काढा."

"फितूर!" मिटल्या डोळ्यांनी जाऊबाई म्हणाल्या.

कडं काढल्यावर दहापैकी चार उत्तरं बरोबर आली. चार तर नाणं उडवूनही येतात. डॉक्टर नळी हळूहळू वर नेत गेली. मनगटाच्या वर चार बोटं गेल्यावर जाऊबाईंना पुन्हा सगळं कळायला लागलं. पायांचं तेच, गुडघ्याच्या खाली अंधार. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि गरम नळी स्वतःच उचलून मनगटाला लावून बघितली.

मग डोळ्यांची तपासणी. खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवायची आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. अश्रूंनी कागद किती भिजतो ते बघतात. पाच मिनिटांनी पट्टी काढली. जवळजवळ कोरडी.

आता हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. माझा मुलगा लांब शिकायला गेला, त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस रडलं. मुलाला ज्यांनी लहानपणी माझ्यापेक्षा जास्त मांडीवर घेतलं, त्या जाऊबाईंच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. नुसत्या डोळे चोळत उभ्या होत्या. मी ते वर्षभर मनात धरून बसले होते. दगड आहे ही बाई, असं नवऱ्याला एकदा नाही, दहादा म्हणून झालं होतं. आणि आता ती कोरडी पट्टी डॉक्टरच्या चिमट्यात होती.

"त्या दिवशी डोळे फार चुरचुरत होते गं," जाऊबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. कुठला दिवस ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांच्या वाटचं मीच तिथे रडून घेतलं. डॉक्टरने मलाही एक पट्टी देऊ का विचारलं.

रक्त घेतलं. साखर, थायरॉइड, व्हिटॅमिन हे नेहमीचं, आणि शिवाय काही वेगळ्या तपासण्या. नसांच्या विजेच्या तपासणीची तारीख शुक्रवारची मिळाली. "तोपर्यंत भट्टीत हात नाही," डॉक्टरने बजावलं. ते चार दिवस आम्ही पोळ्या लाटून पोटं भरली आणि काउंटरवर फक्त बाहेरून आणलेले टोस्ट विकले.

शुक्रवारी मशीनवर हातापायांना बारीक झटके देऊन झाले आणि संध्याकाळी रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल.

जाऊबाईंच्या अंगात वारं शिरलं. "बघ! मशीन खोटं बोलेल का? माझा हात ठणठणीत आहे. भट्टीच फुटलीय." दवाखान्याच्या पायरीवर उभं राहूनच त्यांनी गवंड्याला फोन लावला. रिपोर्टवर छापून आलं होतं, त्याच्यापुढे माझ्या लोण्याच्या हाताची काय किंमत?

शनिवारी सकाळी गवंडी घण घेऊन हजर. जाऊबाईंनी हट्टाने शेवटचं म्हणून भट्टी पेटवली होती आणि निखारे ओढून काढले होते. "पाडायचीच आहे तर थंड तरी होऊ द्यायची," गवंडी कुरकुरला.

"थंडच आहे ती," जाऊबाई म्हणाल्या. "तेच तर रडगाणं आहे ना."

मी मध्ये उभी राहिले. घणापुढे उभं राहायची मला हौस नव्हती, पण पाय तिथेच गेले. "एक काम करा," मी गवंड्याला म्हटलं. "घण मारायच्या आधी हात घालून बघा. तुम्ही अनुभवी माणूस. किती ऊब पळालीय ते तुम्हालाच कळेल."

अनुभवी म्हटल्यावर गवंडी फुशारला. बाही सावरली आणि हात आत घातला.

"म्हणा, बे एके बे," मी म्हटलं.

"बे एके... अयाया!" तो उडाला तो थेट पिठाच्या पोत्यावर जाऊन बसला. घण एकीकडे, टोपी दुसरीकडे. आमचे हे दारातून बघत होते, त्यांनी तोंडावर रुमाल धरला. गवंडी बोटांवर फुंकर घालत ओरडला, "ही थंड? अहो बाई, हिच्यात माणूस भाजून निघेल!"

हसू मलाही आवरत नव्हतं, पण जाऊबाईंकडे पाहिलं आणि थांबले. त्या भट्टीच्या तोंडाशी उभ्या होत्या. घुमटावर हात ठेवून, हळूच, स्वतःशीच म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि मग भट्टीला म्हणाल्या, "चुकलं माझं."

त्याच दिवशी मी डॉक्टरला फोन केला. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मला तशीच शंका होती. ते मशीन जाड नसा वाचतं. जाड नसांनी ताकद येते, थरथर कळते. चटका आणि टोचणी कळते ती अगदी बारीक नसांनी, त्या मशीनला दिसतच नाहीत. त्या मोजायला कातडीचा एक छोटा तुकडा घ्यावा लागेल." मसुराच्या दाण्याएवढे दोन तुकडे घेतले, एक घोट्याच्या वरून, एक मांडीवरून. "मोजून झाल्यावर परत लावणार का?" जाऊबाईंनी विचारलं. विनोद परत आला म्हणजे माणूस परत यायला लागलंय, हे मला तेव्हा कळलं.

तीन आठवडे दुकान टोस्टवरच चाललं, आणि मग सगळं समोर आलं. घोट्याजवळच्या कातडीत बारीक नसा असायला हव्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. रक्तातही खूण सापडली. डॉक्टरने समजावून सांगितलं: शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटलीय, डोळ्यांतल्या आणि तोंडातल्या पाणी करणाऱ्या ग्रंथींवर, सांध्यांवर आणि या बारीक नसांवर.

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा की," जाऊबाई म्हणाल्या.

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाली. "आता कुंपणाला आवर घालायचा." कुंपणासाठी एक गोळी, पायांच्या आगीसाठी एक, डोळ्यांसाठी थेंब. रोज पावलं आरशात बघायची, कुठे कापलंय-भाजलंय का. अनवाणी चालायचं नाही. "आणि हे नीट ऐका. कधी अचानक पाऊल लुळं पडलं, उचलेना, किंवा हातातून वस्तू पडायला लागल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं."

जाऊबाईंनी एकच विचारलं. "माझा हात परत येईल?"

डॉक्टरने गोड खोटं सांगितलं नाही, म्हणून ती मला आवडते. "थोडं येईल. सगळं येईलच असं नाही. आणि वेळ लागेल. पण भट्टीत हात घालायचा नाही, मावशी. आता कधीच नाही."

घरी येताना रिक्षात जाऊबाई म्हणाल्या, "तीस वर्षं. आता मी काय करू गं, धाकटे?" बावीस वर्षं मला ती भट्टी हवी होती. आता ती माझ्या मांडीवर येऊन पडली होती आणि मला नको होती. अशी नको होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जागा बदलल्या. मी भट्टीवर, त्या काउंटरवर. आमच्या ह्यांनी भट्टीत लावायचा मोठा तापमापक आणला, लाल काट्याचा. त्याचा आम्ही जावयासारखा मान ठेवला. रोज पुसायचा, बघायचा, आणि काम मात्र सांगायचं नाही. कारण काटा दाराशी असायचा आणि पाव आत पाठीशी भाजायचे. मी बाही वर करून हात घातला आणि पाढा म्हटला. बे सक बाराला हात काढला आणि पाव लावले. पाव जळले. दुसऱ्या दिवशीही जळले. तिसऱ्या दिवशी मास्तर जाऊबाईंना म्हणाले, "बाई, टोस्टच द्या." मला भट्टीत जीव द्यावासा वाटला.

चौथ्या दिवशी मी हात आत घातला. "बे एके बे बे दुणे चार बे त्रिक सहा बे..."

"थांब!" पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला. मागोमाग जाऊबाई आत आल्या, कमरेला पदर खोचलेला. "अगं, पाढा म्हणतेस की गाडी पकडतेस?"

"भाजतं हो!" मी म्हटलं. "भाजलं की पाढा धावतो."

"तेच तर. चटका बसला की तुला बारावर लवकर पोचायची घाई. त्या बाराला काय अर्थ आहे? मी पाढा म्हणायची तो मामंजींच्या चालीवर. तुझे दीर पहाटे माझ्याकडून तो घोटून घ्यायचे, हात भट्टीत नसताना. वर्षभर नुसता पाढा. हात नंतर." आणि बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटतं, आम्हा दोघींना ते एकाच क्षणी कळलं.

"हात तू घाल," त्या म्हणाल्या. "पाढा मी म्हणते."

मी हात आत घातला. त्यांनी माझा कोपर धरला, भट्टीच्या तोंडाबाहेर, आणि सावकाश, मामंजींच्या चालीवर सुरू केलं. "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा." मला ओरडावंसं वाटत होतं, पण त्यांच्या आवाजात घाई नव्हती, आणि आवाज माझ्या हाताला धरून होता. "बे चोक आठ." मी हात काढला. "अजून गरम आहे," त्या म्हणाल्या. "दार उघडं ठेव. थोड्या वेळाने परत." तिसऱ्या खेपेला हात बे सक बारालाच सुटला. पाव आत गेले. अर्ध्या तासाने जे बाहेर आले ते बघून मी आणि जाऊबाई लहान मुलींसारख्या नाचलो, खरंच नाचलो, आणि आमचे हे सायकलला टोपल्या बांधायचं सोडून बघत राहिले. मास्तर तर पाढा ऐकूनच दारात उभे होते. "आता दोन बायका लागतात एका पाढ्याला?" ते म्हणाले. जाऊबाईंनी त्यांना एक पाव फुकट दिला आणि म्हणाल्या, "गप्प खा."

त्याला आता आठ महिने झाले. गोळ्या चालू आहेत. पायांची आग बरीच कमी आहे, बोटं सकाळी लवकर मोकळी होतात, थेंबांमुळे डोळे चोळणं थांबलंय. चपला आता मागे पट्टा असलेल्या, त्यामुळे एका चपलेने येण्याचा आनंद संपला. दर तीन महिन्यांनी डॉक्टर नळ्या काढते, आणि जाऊबाई आधी तिला कडं काढायला सांगतात.

काल सकाळची गोष्ट. नेहमीसारखा माझा हात आत, त्यांचा हात माझ्या कोपरावर, बाहेर. "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा. बे चोक आठ. बे पंचे..."

पाढा थांबला. दहाचा पत्ता नाही. मी हात आत धरून उभी, भाजतंय.

"पुढे म्हणा ना!"

त्यांनी झटकन माझ्या कोपरावरून हात काढला होता आणि तो डोळ्यांसमोर धरून बघत होत्या, उलटा, सुलटा.

"गरम लागलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अगं, बोटांना! झळ लागली मला. भट्टीची झळ!" आणि त्यांनी हात पुन्हा भट्टीच्या तोंडाजवळ नेला. मी ओढायला गेले, तर स्वतःच मागे घेतला. "आई गं!" त्या आनंदाने ओरडल्या. "चटका बसतोय, धाकटे! मला चटका बसतोय!"

चटका बसला म्हणून एवढा आनंद झालेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या हसत होत्या, मी रडत होते, मग उलटं झालं. त्यांच्या डोळ्यांच्या कडेला थोडं पाणी आलं होतं. थेंबांचं होतं की त्यांचं, देव जाणे. मी पदराने पुसलं. पुढे कधीतरी मी पाव आत ढकलले, ते कोणत्या आकड्यावर ते दोघींनाही आठवत नाही. त्या मला फोडाची जुनी खूण दाखवत बसल्या, मी डॉक्टरला फोन लावला, डॉक्टर फोनवर हसायला लागली आणि म्हणाली, पण हात घालायचा नाही हं, मावशी.

दारात आमचे हे येऊन उभे राहिले, नाक वर करून. आतून काळा धूर येत होता.

"पुन्हा भट्टी फुटली का?" त्यांनी विचारलं.

"नाही," जाऊबाई म्हणाल्या. "हात परत आलाय." आणि काळे पाव बाहेर ओढायला लांब दांड्याचं फावडं त्यांनीच उचललं.